मोठ्या अक्षरांतली वही

अभ्यासक्रम संपला की प्रत्येकाने 'मी काय शिकलो' यावर अर्धं पान लिहून द्यायचं, अशी आमच्या मॅडमची पद्धत आहे. मी लिहिलं ते अकरा पानं झालं. मॅडमनी त्यावर लाल शाईत 'काका, फक्त अर्धं पान. आणि यात प्रोग्रॅमिंग कुठे आहे?' असा शेरा मारून ते परत केलं. दुसऱ्या खेपेला मन घट्ट करून काटछाट केली, तर चौदा पानं झाली. तेव्हा त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावलं आणि आजारी वडिलांशी बोलावं तशा आवाजात, नाही दिलं तरी चालेल, मी पास करते, असं सांगितलं. पास होण्याला माझी हरकत नाही. पण जी रुखरुख मनात घर करून बसली आहे ती कुठेतरी सांगून टाकायला हवी, म्हणून ही पानं पुन्हा लिहायला घेतली.

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. आमच्यापासून चार इमारती सोडून तिचं घर. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीला उंच आरसा आणि पडदा लावून केलेला ट्रायलचा कोपरा. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई एकोणीस वर्षांची. त्यानंतरचं माझं शिक्षण, माझे बूट आणि माझं लग्न त्या मशीनमधून निघालं आहे. याबद्दल ती कधी बोलत नाही आणि मीही बोलत नाही.

ताईकडे मापांची एक जाड वही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. मापं पेन्सिलीने लिहायची, म्हणजे माणूस बदलला की बदलता येतात. मापांच्या आजूबाजूलाही पेन्सिलीनेच काढलेल्या बारीक खुणा होत्या. टिंबं, गोल, अर्धे गोल, बाण, फुल्या, एखादा अर्धवट शब्द. गेल्या वर्षी एके दिवशी ती मला म्हणाली, "वहीतलं आता नीट दिसत नाही रे. तुझं अक्षर चांगलं आहे. मोठ्या अक्षरांत उतरवून देशील?"

एवढीच मागणी होती. दोनशे दहा पानं. रोज दहा पानं लिहिली असती तर तीन आठवड्यांत काम हातावेगळं झालं असतं. वजनमापे कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे, म्हणजे मापं आणि अक्षर या दोन्ही गोष्टींवर माझं पोट चालतं. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "ताईंना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि वही काय, रविवारी बसून लिहून टाका." या एका दमात दोन्ही बरोबर उत्तरं आली होती. आमच्या घरात बरोबर उत्तरं फार लवकर येतात, त्यामुळे त्यांची कोणी कदर करत नाही.

कदर न करणाऱ्या मी ही गोष्ट जिन्यात सल्लागारांच्या कानावर घातली. सल्लागार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. लिफ्टच्या कंपनीत होते, तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत वर-खाली करण्याची सवय आहे. आजच्या काळात वही हाताने उतरवणार, हे ऐकून त्यांना माझी कीव आली. सगळं संगणकात घाला, म्हणाले, मग अक्षर हवं तेवढं मोठं करा, वर कापडाची कटिंगसुद्धा संगणकच काढून देईल. त्यांच्या परदेशातल्या पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे सध्या सगळीकडे फंक्शनल प्रोग्रॅमिंग चालतं आणि त्यात चूक होऊच शकत नाही. सल्लागारांना स्वतःला टीव्हीचा आवाज कमी करायला बायकोला हाक मारावी लागते, हे मला माहीत होतं. पण चूक होऊच शकत नाही या शब्दांनी मी घायाळ झालो. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या शब्दांची भूल पडते.

औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर संगणकाचे वर्ग चालतात, तिथे मी बुधवार-शनिवार संध्याकाळची प्राथमिक तुकडी धरली. धरली म्हणजे धरायला गेलो. प्रवेश अर्जात वयासाठी दोनच चौकोन होते, अठराच्या आतले आणि अठरा ते पंचवीस. खाली पालकांची सही आवश्यक. मी स्वतःच पालक आहे, मुलगी परगावी नोकरी करते, असं मी खिडकीतल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सहीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हे वाक्य मी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं आहे. खिडकीच्या या बाजूने ते इतकं बोचतं याची मला कल्पना नव्हती.

बायकोने सही करायला साफ नकार दिला. मी तुमची बायको आहे, पालक नाही, आणि दोन्ही कामं एका पगारात होणार नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं. शेवटी ताईकडे गेलो. तिने विचारलं, "कुठे करू सही?" मी ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या बोटाच्या टोकाला टेकवून तिने सही केली. ओळ तिला दिसत नव्हती. हे मला त्या क्षणी दिसायला हवं होतं, पण मी नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहावं की 'पालक' या विचारात गढलो होतो.

अर्जात ताईचा फोन नंबर गेला. त्याचा परिणाम असा की माझी हजेरी, माझा उशीर आणि माझे गुण यांचे संदेश तिच्या फोनवर यायला लागले. तिला ते वाचता येत नसल्याने ती समोरच्या गिऱ्हाइकाला वाचायला द्यायची. 'आपला पाल्य आज बारा मिनिटे उशिरा आला' हा संदेश आमच्या गल्लीतल्या मुख्याध्यापिकांनी वाचला. पुढे त्या रस्त्यात भेटल्या की माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायच्या.

वर्गात मी सतरा क्रमांकाचा विद्यार्थी. बाकीचे सगळे माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या धड्यात मॅडमनी सांगितलं की या पद्धतीत एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती बदलायची नाही. कंबर बरोबर चौतीस म्हटलं की शेवटपर्यंत चौतीस. काही वेगळं हवं असेल तर नवीन नाव घ्या, नवीन किंमत करा. जुन्याला हात लावू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी फळ्यावर तीनदा लिहिलं आणि मी ते वहीत तीनदा उतरवलं.

मला हा विचार फार भावला. आमच्या कार्यालयात रोज परिपत्रक निघतं आणि कालचं रद्द होतं, तिथे न बदलणाऱ्या किमतींची गोष्ट म्हणजे मनाला गारवा. घरी येऊन मी बायकोला समजावलं की मिठाच्या बरणीत साखर भरणं तात्त्विकदृष्ट्या चूक आहे. ती म्हणाली, बरणी तुम्हीच रिकामी केली होती.

दुसऱ्या धड्यात शुद्ध फंक्शन आलं. फंक्शन म्हणजे एका बाजूने काही घातलं की दुसऱ्या बाजूने उत्तर देणारी व्यवस्था. ते शुद्ध केव्हा, तर तेच घातल्यावर दर वेळी तेच उत्तर मिळेल तेव्हा. त्याने आजूबाजूला बघायचं नाही, मागचं काही लक्षात ठेवायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं आणि वाटेत दुसरं काही करायचं नाही. दुसरं काही केलंच तर त्याला साइड इफेक्ट म्हणतात आणि तो टाळायचा. मी हे जेवताना सांगत होतो. बायको म्हणाली, "मग शिकायला कशाला जाता? तुम्ही आधीपासून असेच आहात."

मी मात्र ताईच्या खोलीत बसून तिच्या कामाचं निरीक्षण सुरू केलं आणि मला धक्काच बसला. दोन बायका आल्या, दोघींची छाती छत्तीस, आणि ताईने दोन वेगळे झगे कापले. माप घेताना ती एकीशी तिच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत होती, दुसरीशी अवाक्षर बोलली नाही. टेप एक सांगत होती आणि ती लिहीत भलतंच होती. तू अशुद्ध फंक्शन आहेस, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. "असेन बाबा," ती म्हणाली आणि खडू शोधायला लागली. खडू तिच्या हाताजवळच पडला होता.

आता प्रोग्रॅम लिहायचा होता. एका बाजूने मापं घालायची, दुसऱ्या बाजूने कटिंगचा तक्ता मोठ्या अक्षरांत बाहेर. ते फंक्शन लिहायला मला सहा आठवडे लागले आणि मी सांगतो, ते उत्तम होतं. अडचण आली ती वही आत घालण्याची. फोनने पानांचे फोटो काढायचे आणि आकडे वाचणाऱ्या एका सोयीला द्यायचे, असा बेत होता. पण दोन पानांवर करून बघितलं, तर त्या सोयीला ताईच्या खुणा कळेनात. अडतीसच्या शेजारच्या गोलाचं तिने शून्य केलं, पस्तीसच्या मधल्या टिंबाचा दशांश केला. तीनशे ऐंशी इंच छातीचा एक ट्रम्पेटवादक आणि साडेतीन इंच कमरेच्या एक शिक्षिका तयार झाल्या. ते दोन्ही फोटो मी लगेच पुसून टाकले.

मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काका, आधी नको ते सगळं गाळून घ्या. फिल्टर लावा." त्यांना म्हणायचं होतं, संगणकात. फिल्टरचा धडा पुढच्या बुधवारी होता. मी थांबलो नाही. मी वही घरी आणली आणि एक चांगल्यापैकी खोडरबर घेऊन आलो.

खोडरबर कागद फाडतो का, हे बघण्यासाठी मी तो आधी शेवटच्या पानावर चालवला. ते माझंच पान होतं. नवव्या वर्षापासूनची माझी मापं एकाखाली एक, प्रत्येक आधीच्यावर रेघ मारलेली. तळाशी दोन-तीन शब्दांची बारीक ओळ होती. पुसट होती, वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. खोडरबर चांगला निघाला. ओळ जाऊन तिथे कागद जरासा उजळ झाला.

मग तीन संध्याकाळी बसून मी दोनशे दहा पानं स्वच्छ केली. टेबलावरचा चुरा पाहून बायकोने विचारलं, हे काय चाललंय. डेटा साफ करतोय, मी म्हणालो. त्याच आठवड्यात ताईच्या फोनवर संदेश आला की किमती न बदलण्याच्या चाचणीत आपल्या पाल्याला दहापैकी दहा गुण मिळाले आहेत. मुख्याध्यापिका स्वतः अभिनंदन करायला जिना चढून आल्या.

सगळं खोडून झाल्यावर मी पानापानाचे फोटो काढले. आधी फोटो मग खोडणं, की आधी खोडणं मग फोटो, हा प्रश्न कुठल्याच चाचणीत नव्हता.

तक्ते छापून ताईला नेऊन दिले तो दिवस मात्र चांगला गेला. अक्षर अंगठ्याएवढं. तिने कागद खिडकीशी धरला आणि "छाती अडतीस, बाही चोवीस," असं मोठ्याने वाचलं. मग दुसरा कागद वाचला, मग तिसरा. शाळेत पहिल्यांदा वाचता आलेल्या पोरासारखी ती वाचत सुटली होती. मी मनातून फार सुखावलो. त्याच आठवड्यात मॅडमनी रिकर्शन शिकवलं होतं. म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, पण कुठे थांबायचं ती अट आधी लिहायची, नाही तर संगणकाचा दम संपेपर्यंत ते चालत राहतं. मी तिथे थांबायला हवं होतं.

तेवढ्यात वाद्यवृंदाचं काम आलं. आमच्या गावातल्या वाद्यवृंदाचे चोवीस कोट दर चार वर्षांनी ताई शिवते. असं वीस वर्षं चाललं आहे, आणि 'वाद्यवृंदाचे कोट शिवते ती' अशीच तिची ओळख आहे. त्यांचे व्यवस्थापक घड्याळाकडे बघत बोलणारे गृहस्थ. पाच आठवड्यांत कोट हवेत, कार्यक्रम ठरलाय, असं सांगून ते निघून गेले. त्यांची पाठ वळल्यावर ताई खुर्चीत बसली.

"ट्रायलला टाचण्या लावाव्या लागतात," ती म्हणाली. "मला टाचणीचं टोक दिसत नाही. शिवताना हाताला कळतं सगळं, पण टाचणी माणसाला टोचते. त्यांना समजलं की माझे डोळे गेलेत, तर हे काम जाईल. आणि हे गेलं की बाकीचंही जाईल."

आयुष्यात ताईने माझ्यापाशी स्वतःबद्दल भीती बोलून दाखवली ती ही एकच वेळ. त्यावर मी काय बोलायला हवं होतं ते बायकोने कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, "ट्रायलची गरजच नाही. मापं आहेत, फंक्शन आहे. उत्तर बरोबरच येणार."

"चार वर्षं झाली रे त्या मापांना."

"किंमत बदलत नसते, ताई."

"किंमत नसेल बदलत. ट्रम्पेटवाला बदलला असेल." मग तिने विचारलं, "माझ्या खुणा घेतल्यास ना त्यात?"

"वहीत आहे ते सगळं घेतलंय," मी म्हणालो. याला खोटं म्हणता येणार नाही, कारण वहीत आता तेवढंच होतं. ते बोलताना मात्र मी तिच्याकडे न बघता मशीनकडे बघत होतो.

तिने माझ्यावर भरवसा ठेवला. दहापैकी दहा मिळवणाऱ्या पाल्यावर कोणताही पालक ठेवेल. अंगठ्याएवढ्या अक्षरांचे तक्ते भिंतीला लावून तिने चोवीस कोट कापले आणि शिवले. ट्रायल नाही, टाचणी नाही. कोट वेळेच्या दोन दिवस आधी तयार झाले. अंगात घालून बघतो म्हणणाऱ्या एका बासरीवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं आणि ते का अनावश्यक आहे हे जिन्यात वीस मिनिटं समजावलं. सल्लागारही मदतीला आले.

कार्यक्रमाला आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. मधे ताई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको. पडदा उघडला आणि सुरुवातीला कोट मागून का होईना बरा दिसला, कारण वाद्यवृंद चालवणारे संचालक पाठमोरे उभे होते. मग संचालकांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत मागे गेल्या आणि पाठीचं कापड ताठ झालं. व्हायोलिनवाल्यांना डावा हात वर नेता येईना, म्हणून आठही जण माना वाकड्या करून वाद्याकडे स्वतः खाली गेले. बासरीवाल्याच्या बाहीत त्याची बोटं बुडाली होती. पहिल्या जोरकस जागेला पितळी वाद्यवाल्यांनी एकदम श्वास भरला, आणि मधल्या ट्रम्पेटवाल्याचं बटण सुटून शेजारच्या ढोलावर आपटलं. तो ठोका चुकीच्या जागी पडला, पण ऐकू सगळ्यांना आला. लोक हसायला लागले.

ताईला रंगमंचावरचं फक्त काळं-पांढरं दिसत होतं. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "का हसतात?"

"गमतीची रचना आहे," मी म्हणालो.

ती मान डोलावून ऐकायला लागली. छान वाजवतात, म्हणाली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी समोर पाहिलं. एवढ्यात संचालकांनी पूर्वार्धाच्या शेवटच्या जागेसाठी हात जोरात वर फेकला आणि चर्रकन आवाज झाला. आयुष्यभर कापड हाताळलेल्या बाईला तो आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. "बगलेत," ताई हळूच म्हणाली. "उसवलं नाही. फाटलं."

उत्तरार्ध त्यांनी नुसत्या शर्टात वाजवला. ताई तो संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक गाडी घेऊन आले आणि चोवीस कोटांचा ढीग टेबलावर ठेवून गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते घड्याळाकडे बघत फार सभ्यपणे म्हणाले की तुमच्यावर कामाचा भार खूप असतो, पुढच्या वेळी आम्ही दुसरीकडे बघू. सल्लागारांनी झाल्या प्रकाराचं विश्लेषण करून दोष कापडाचा असल्याचं जाहीर केलं. मी दोन तास वर्ग बुडवला, आणि त्याचा संदेश ताईच्या फोनवर आला. तो तिने कोणाला वाचायला दिला नाही.

त्या आठवड्यात बायको मला न विचारता ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, काही आठवड्यांनी डाव्याचं. अर्ध्या तासाचं काम. एवढ्याशा कामासाठी मी एक अख्खा अभ्यासक्रम मधे घातला होता.

दुसरी पट्टी निघून नवा चष्मा आला त्या सकाळी मी तिच्याकडे गेलो होतो. ती खिडकीशी बसली होती. मशीनवरची धूळ तिला पहिल्यांदा दिसली होती आणि ती पुसून झाली होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "किती केस गेले रे तुझे." मग तिने कपाटातून वही काढली आणि आनंदाने उघडली. मला तिथून पळून जाता आलं असतं तर मी गेलो असतो.

दहा पानं तिने उलटली. वीस उलटली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"खुणा कुठे गेल्या?"

"मी खोडल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिने पान उजेडात तिरकं धरून बघितलं, बोट फिरवून बघितलं. पेन्सिल तिची हलकी चालते, कागदावर वळ उठत नाहीत. मग ती मला सांगायला लागली. गोल म्हणजे छाती श्वास भरून मोजायची, वाजवणाऱ्यांची. बाण म्हणजे हात वर करून. अर्धा गोल म्हणजे एक खांदा खाली आहे, पण ते त्यांना कळू द्यायचं नाही, आतून भर घालायची. फुली म्हणजे बारीक होणार आहे म्हणते, तरी आहे त्या मापाने काप. टिंब म्हणजे हिला मुलाबाळांचं विचारू नको. एका पानावर 'आरसा' एवढंच होतं. मोठ्या आजारातून उठलेली बाई. ती यायच्या आधी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवायचा.

"ती गेल्या महिन्यात येऊन गेली," ताई म्हणाली. "मी तक्ता बघून माप जुळवत होते. आरसा तसाच. ती काही न बोलता गेली, पुन्हा आली नाही. मला वाटलं, आपल्या हातून शिवण बिघडली असेल."

"पण तुला लक्षात नव्हतं का, ताई?"

"दोनशे माणसांचं कोणाच्या लक्षात राहतं? म्हणून तर लिहायचे."

माझ्याकडे तिला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. संगणकात गाळायचं होतं ते मी कागदावर गाळलं, जुन्याला हात लावू नये हे मला तोंडपाठ होतं, त्यात मला पैकीच्या पैकी होते. त्याऐवजी चुकलो, एवढं म्हणालो. ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण मशीनवर बसून तिने पहिल्या कोटाची उसवण सुरू केली होती.

चोवीस कोट तिने पुन्हा शिवले. एकेकाला बोलावून, टाचण्या लावून, श्वास भरायला लावून. परत पाठवलेल्या बासरीवाल्याला मी स्वतः जाऊन आणलं आणि जिन्यातून वर येईपर्यंत गप्प राहिलो. पुढच्या वेळचं काम मिळणार का, ते व्यवस्थापकांनी सांगितलेलं नाही. आरशाच्या बाईंकडे ताई टेप घेऊन स्वतः गेली. त्यांनी दार उघडलं, आत मात्र बोलावलं नाही. पुन्हा जाईन, म्हणते.

मी आता दर रविवारी सकाळी नवी वही घेऊन ताईकडे बसतो. गिऱ्हाईक येतं, ती माप घेते, ते गेल्यावर ती सांगते आणि मी मोठ्या अक्षरांत लिहितो. मापं पेन्सिलीने, बाकीचं शाईने. तिला आता बारीकही दिसतं, पण मोठं लिही म्हणते. सात महिन्यांत एकसष्ट पानं झाली आहेत. काही माणसं गाव सोडून गेली, काही या जगात नाहीत, त्यांची पानं भरणार नाहीत.

गेल्या रविवारी कोणी आलं नव्हतं. ताई म्हणाली, "ऊठ, तुझं घेऊ." मी लहानपणासारखा हात बाजूला करून उभा राहिलो. छाती घेतली, खांदा घेतला. "पोट दोन इंच पुढे. लिही." मी शेवटच्या पानावर माझं पान सुरू केलं आणि मापं लिहिली. बरेच दिवस विचारायचं राहिलं होतं ते विचारलं.

"जुन्या वहीत माझ्या पानाखाली एक ओळ होती. काय होतं त्यात?"

ताईने टेप गळ्यात अडकवली आणि आठवून बघितलं.

"नाही आठवत. तू नऊ-दहा वर्षांचा असशील तेव्हाची." मग म्हणाली, "खाली लिही. खिसे खोल. हरवतो."

"काय हरवतो?"

"सगळंच. चाव्या, पेन, रुमाल. लिही तू."

"तेव्हाही हेच होतं का?"

"तेव्हाचं आठवत नाही म्हटलं ना. हे आत्ताचं आहे."

मी शाईने, मोठ्या अक्षरांत लिहिलं. ताईने वही हातात घेऊन वाचली आणि माझ्यापुढे परत ठेवली. 'ह' नीट आलेला नाही, पुन्हा काढ, म्हणाली. मी जुन्याला हात न लावता त्याच्या शेजारी दुसरा काढला.